पुण्यातलं इंजेक्शन आणि गावातली गोळी

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत, दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात राहतात. अकरा वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं, नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. दीड एकर डाळिंब आहे, घरी शिलाई मशीन आहे. मुलगा नववीत आहे आणि त्याची तपासणी निगेटिव्ह आहे. आजाराची गोष्ट फक्त सासूबाईंना आणि पुण्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला माहीत आहे. तालुक्याच्या बाजूचं एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं, सरकारी सेंटर ३० किलोमीटरवर आहे, पण तिथे चुलत दीर वॉर्डबॉय आहे. म्हणून ताई शेजारच्या जिल्ह्यातल्या सेंटरला जातात. पहाटेची एसटी, दोन गाड्या बदलणं, परत यायला अंधार. आता भाऊ मागे लागला आहे, “इंजेक्शन आलंय, वर्षातून दोनदा घेतलं की झालं, मोठमोठ्या शहरांत मिळायला लागलंय. तू अजून ती फुकटची गोळी खात बसलीयस. जमीन खंडाने दे आणि इकडे ये.” ताई विचारतात, “आमच्या खेड्यातल्या लोकांना जुनी, उरलेली औषधं देतात का? चांगले उपचार शहरातच मिळतात का? मी पुण्याला जाऊ का?” पत्राच्या शेवटी त्या सहज लिहितात, की कंबर दुखते आणि अशक्तपणा आहे म्हणून गावातल्या डॉक्टरांनी कॅल्शियमची आणि लोहाची गोळी दिली आहे. झोपायच्या आधी एआरटीच्या गोळीबरोबरच त्या सगळ्या एकदम घेतात, म्हणजे विसरायला होत नाही. पित्त झालं तर वर पांढरं औषध पितात.

उत्तर:

ताई,

पुण्याचं नंतर बघू. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंय, त्याचं आधी बोलू, कारण ते आज रात्रीच बदलायचं आहे.

तुमची एआरटीची गोळी म्हणजे टीएलडी. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं त्या एका गोळीत आहेत. त्यातलं डोल्युटेग्रॅविर हे सगळ्यांत ताकदीचं, पण त्याची एक खोड आहे. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असले धातू त्याच वेळी पोटात असले, तर ते या औषधाला तिथेच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. तुम्ही जेवण सातला करता आणि गोळ्या दहाला घेता. म्हणजे पोट जवळजवळ रिकामं आणि त्यात हे सगळं एकत्र. आजपासून कॅल्शियम आणि लोह सकाळी न्याहारीबरोबर घ्या, टीएलडी रात्रीच राहू द्या. एकत्रच घ्यायची वेळ आली तर भरल्या ताटावर, जेवतानाच घ्या. जेवणासोबत कॅल्शियम-लोह चालतं. पित्ताचं पांढरं औषध मात्र जेवणासोबतही टीएलडीबरोबर नको. टीएलडी आधी घेतली तर पांढरं औषध दोन तासांनी, आणि पांढरं औषध आधी झालं असेल तर टीएलडीसाठी सहा तास थांबायचं. पित्त वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून ओमेप्राझोलसारखी गोळी मागा, तिचं या औषधाशी वाकडं नाही.

घाबरू नका. यामुळे तुमचा उपचार फसलाच असेल असं नाही. फसलाय की नाही ते सांगणारी तपासणी आहे, तिच्याकडे येतेच. पण आधी हे असं झालं कसं, ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्यातच दिसतं. गावातल्या डॉक्टरांनी चूक केली नाही. कंबरदुखीला कॅल्शियम, रक्त कमी म्हणून लोह. तुम्ही टीएलडीवर आहात हे त्यांना ठाऊकच नाही, कारण तुम्ही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तुम्हाला विचारणार नाही. त्यांच्या दवाखान्यात पडद्याच्या अलीकडे गावच बसलेलं असतं. आणि एआरटी सेंटरला तुमच्या बाकीच्या गोळ्या माहीत नाहीत, कारण तिथे तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात आणि तुमचा अर्धा जीव परतीच्या गाडीत असतो. औषध नव्वद किलोमीटर चालत तुमच्या घरापर्यंत आलं. ते कसं घ्यायचं याची माहिती मात्र वाटेतच उतरली.

आता भावाच्या “फुकटच्या गोळी”बद्दल.

ही गोळी जुनी नाही आणि उरलेली तर नाहीच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आज एखाद्याचा उपचार सुरू झाला, तर सर्वसाधारणपणे त्याच्या हातात हीच डबी ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिली पसंती डोल्युटेग्रॅविर असलेल्या उपचारालाच दिली आहे. अमेरिकेत या औषधाला २०१३ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातल्या लोकांना टप्प्याटप्प्याने टीएलडीवर आणलं, तुम्हालाही चार-पाच वर्षांपूर्वी गोळी बदलून दिली असेल. तुम्ही लिहिलंय, “आधीच्या गोळीने चक्कर यायची आणि झोपेत काहीबाही दिसायचं.” ते बहुतेक एफाविरेन्झ. ते गेलं ही तुमची प्रगतीच झाली, फक्त ती तुम्हाला कोणी नीट सांगितली नाही.

मी काही वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक होते, तेव्हाची गोष्ट सांगते. आपल्याकडे सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला, देशभरातल्या मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत. त्या काळात गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्युडिन असायचं. माणूस जगायचा, पण दोन-तीन वर्षांत त्याची गालफडं बसायची, हातापायांच्या शिरा वर यायच्या, पायांना मुंग्या यायच्या. मग गाव तोंडाकडे बघूनच ओळखायचं. एक बाई मला म्हणाली होती, “ताई, रोगानं नाही सांगितलं गावाला, औषधानं सांगितलं.” तेव्हा शहर आणि खेडं यांत फरक होता तो जीवनमरणाचा होता. मुंबईतला पैसेवाला खाजगीत दुसरं औषध विकत घ्यायचा, खेड्यातला माणूस सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा रक्तातला आकडा, दोनशेच्या खाली यायची वाट बघत बसायचा, कारण त्याशिवाय गोळीच सुरू व्हायची नाही. २०१७ पासून सीडी-फोरची अटच गेली. आता तपासणी पॉझिटिव्ह आली, की सीडी-फोर किती आहे ते न बघता उपचार सुरू होतो, मग माणूस कुठलाही असो. तेव्हाचा अन्याय तुमच्या भावाच्या डोक्यात अजून ताजा आहे. त्याने तुमचे सुरुवातीचे दिवस पाहिलेत, दाजींना जाताना पाहिलंय. म्हणून त्याच्यावर रागावू नका.

पण इंजेक्शनच्या बाबतीत त्याची गफलत झाली आहे, आणि ती फार लोकांची होते.

वर्षातून दोनदा घ्यायचं ज्या इंजेक्शनबद्दल त्याने वाचलं ते लेनाकॅपाविर. २०२४ साली त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि तो रास्त होता. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या तरुण मुलींवरच्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. पण नीट बघा ताई, या मुलींना आधी एचआयव्ही नव्हता. लागण होऊ नये म्हणून घ्यायचं ते इंजेक्शन आहे. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती या प्रतिबंधासाठी. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्यासाठीही ते वापरतात, पण अनेक औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूसाठी, आणि तेही इतर औषधांच्या जोडीला. तुमच्यासारखीला नुसतं ते टोचून गोळी बंद केली, तर उपचार बंद केल्यासारखंच होईल.

भावाला आणखी एक बातमी दिसली असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने हे औषध स्वस्तात बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना दिले, त्यांत पुण्यात मुख्यालय असलेली एमक्युअर आहे. “पुण्याची कंपनी” असं वाचलं की पुण्यात मिळतं असं वाटायचंच. परवाना मिळणं वेगळं आणि सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून औषध हातात येणं वेगळं. मध्ये बरीच वर्षं जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये, २०२७ पासून एका माणसामागे वर्षाला ४० डॉलरच्या आसपास किंमत ठेवायची घोषणा झाली आहे. ती खरी ठरली तर मोठी गोष्ट होईल, पण ती तुमच्या गोळीच्या जागी येणारी नव्हे.

उपचाराचं इंजेक्शन दुसरं आहे, कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिविरिन या जोडीचं. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला पर्याय म्हणून हिरवा कंदील दाखवला. ज्यांचा विषाणू गोळ्यांनी आधीच दबलेला आहे आणि ज्यांना हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार नाही, अशांसाठी. हे इंजेक्शन आपल्या सरकारी एआरटी कार्यक्रमात मिळत नाही. गावात मिळत नाही तसंच पुण्यातही मिळत नाही. ज्यासाठी तुम्ही जमीन खंडाने देणार, ती वस्तू तिथल्या सरकारी सेंटरच्या कपाटात नाही.

समजा उद्या आली. तरी ती तुमच्या सोयीची आहे का, हे थोडं तपासून बघू. हे इंजेक्शन दर दोन महिन्यांनी, दोन्ही बाजूंच्या कमरेत एकेक, नर्सच्या हातून घ्यावं लागतं. ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे चालतं, त्याहून उशीर नको. म्हणजे वर्षाला सहा खेपा, एकही न चुकवता. रिल्पिविरिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या फ्रीजचं आणि लोडशेडिंगचं नातं मी जवळून पाहिलंय, त्यावर अधिक बोलत नाही. त्यातून तारीख हुकली तर औषध अंगातून एकदम जात नाही, कित्येक महिने थोडं थोडं उरतं आणि त्या अर्धवट मात्रेत विषाणू औषधाला निर्ढावायला शिकतो. शिवाय रिल्पिविरिन हे एफाविरेन्झच्याच घराण्यातलं. ज्यांनी पूर्वी वर्षानुवर्षं एफाविरेन्झ घेतलंय, त्यांच्या बाबतीत डॉक्टर आधी चार प्रश्न विचारतील. तुम्ही त्यांतल्या एक. आणि टीएलडीमधली टेनोफोविर-लॅमिव्ह्युडिन ही जोडी हिपॅटायटिस बीलाही आवर घालते, इंजेक्शन घालत नाही. कुणाला हा दुसरा आजार असेल आणि त्याने गोळी सोडली, तर यकृताचं नवं दुखणं मागे लागेल.

इंजेक्शन वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला रोज गोळी घरात लपवावी लागते, त्याच्यासाठी ते वरदान ठरू शकतं. डबीतल्या गोळ्या एसटीत खुळखुळू नयेत म्हणून त्यात कापूस कोंबणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तुम्हीही पिशवीत डबी साडीत गुंडाळता असं लिहिलंय. (लेबल काढलं तर चालेल, पण गोळ्या दुसऱ्या डबीत किंवा पुडीत ओतू नका, आणि आतली ती छोटी पुडी फेकू नका. दमट हवेत औषध तिच्यामुळे टिकतं.) त्या बायकांसाठी हे इंजेक्शन एक दिवस यावं आणि ते आधी तालुक्याच्या गावी यावं, असं मला मनापासून वाटतं. पण ते येईपर्यंत हातातली गोळी दुय्यम आहे असं मानून ती हलगर्जीपणे घेणं, हे कुणालाच परवडणारं नाही.

मग शहर आणि खेडं यांत फरक नाहीच का? आहे. फक्त तो औषधाच्या नावात नाही.

फरक तपासणीत आहे. तुम्ही लिहिलंय, जूनमध्ये रक्त घेतलं, पुढच्या वेळी विचारलं तर “ठीक आहे” म्हणाले. ताई, “ठीक आहे” हा रिपोर्ट नव्हे. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणू किती आहेत त्याचा आकडा. उपचार स्थिरावल्यावर वर्षातून एकदा ती मोफत व्हायला हवी. रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम, विषाणू सापडण्याइतकाही नाही. हजाराच्या वर आकडा असेल, तर गोळ्या कशा घेतल्या जातात याची चौकशी करून, काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. तुमच्या कॅल्शियमच्या गोष्टीनंतर हा आकडा तुम्हाला कळणं फार गरजेचं आहे. शहरातला माणूस रिपोर्ट आला नाही तर रिक्षा करून परत जातो किंवा खाजगी प्रयोगशाळेत काही हजार टाकतो. तुमच्या गावाहून नमुना जातो लांब, रिपोर्ट येतो उशिरा, आणि तो आल्यावर तुम्हाला बोलवायला कोणाला वेळ नसतो. पुढच्या वेळी काउंटरवर नव्हे, समुपदेशकाच्या खोलीत बसून विचारा, “माझा शेवटचा व्हायरल लोड किती आला आणि कोणत्या तारखेचा?” आकडा आणि तारीख तुमच्या सेंटरच्या हिरव्या पुस्तकात लिहून घ्या. संकोच वाटला तर माझं नाव सांगून विचारा हवं तर.

हा आकडा आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी सांगते. विषाणू सापडत नाही इतका दबलेला असेल आणि गोळी नियमित असेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. ही दिलाशाची थाप नाही, मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेली गोष्ट आहे. शहरातल्या तरुण मुलांना हे पाठ असतं. खेड्यात अकरा वर्षं गोळी घेणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं आणि ती स्वतःचा पेला वेगळा ठेवत असते. पेल्याचा तर कधीच संबंध नव्हता.

दुसरा फरक साठ्याचा. २०२२ च्या जुलैमध्ये औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात ठिय्या दिला होता. अशा वेळी सेंटर थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या देतं. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी पुण्याच्या माणसाला बस बदलावी लागते, तुम्हाला जिल्हा. यावर तुमच्या हातात एवढंच आहे, की डबीत निदान दहा-बारा गोळ्या शिल्लक असतानाच निघायचं, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. आणि तब्येत स्थिर असलेल्यांना साठा असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. तुम्ही कधी एका, कधी दोन महिन्यांच्या आणता असं लिहिलंय. तीन महिन्यांच्या मागा. “लांबून येते, मजुरी बुडते,” हे कारण सांगायला कमीपणा नाही.

तिसरा फरक गुंतागुंतीच्या वेळी पडतो. गोळीने काम करणं थांबवलं, क्षयरोग जोडीला आला, मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला, तर मोठ्या शहरात तज्ज्ञ हाताशी असतात. (क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनबरोबर डोल्युटेग्रॅविरची जादा मात्रा लागते, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस बघावा लागतो. कोणतीही नवी गोळी सुरू झाली की एआरटी सेंटरला कळवायचंच.) पण अशी वेळ आली तर इथलं सेंटरही तुमची केस राज्याच्या तज्ज्ञांपुढे ठेवू शकतं. त्यासाठी आधीपासून शहरात जाऊन राहायची गरज नाही.

आता त्या चुलत दिराचं. जवळच्या सेंटरला जायचं की नाही?

कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती बाहेर काढायला त्यानुसार मनाई आहे. मोठ्या रुग्णालयात तक्रार अधिकारी आणि राज्याला लोकपाल असतो. पण मी खेड्यात काम केलंय. पारावर सुरू झालेली कुजबुज कोणत्या कलमाने थांबते, ते मला आजवर सापडलेलं नाही. म्हणून “कायदा आहे, बिनधास्त जा,” असं मी तुम्हाला म्हणणार नाही. लांबच्या सेंटरला जाण्याचा तुमचा निर्णय वेडेपणाचा नव्हता, तुम्ही अकरा वर्षं त्याची किंमत मोजली आहे आणि एकही दिवस गोळी चुकवली नाही. एकच वाट सुचवते. बहुतेक एआरटी सेंटरना लिंक एआरटी सेंटर जोडलेली असतात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांत. तब्येत स्थिर असेल तर गोळ्या तिथून मिळतात आणि मोठ्या सेंटरला अधूनमधूनच जावं लागतं. तुमच्या सध्याच्या सेंटरचं असं एखादं केंद्र तुमच्या दिशेला आहे का, विचारा. जिथे दीर नाही आणि एकच गाडी लागते असं एखादं निघालं, तर अर्धा प्रश्न सुटला. तिथे फक्त एक बघून घ्या, खिडकीवर काय पाटी आहे आणि रांग कुठून दिसते. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ती रांग थेट एसटी स्टँडवरून दिसायची, आणि ज्याने ती जागा निवडली त्याला हे कधी सुचलंच नव्हतं.

एसटीचा विषय निघालाच आहे तर. एचआयव्ही असलेल्यांना एसटीच्या साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे. पण त्यासाठी कागद दाखवावा लागतो, आणि कंडक्टर आपल्याच तालुक्याचा निघाला तर? किती जणांनी ती सवलत घेतलीच नाही, हे मला माहीत आहे. २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, आजाराचा कोणताही कागद न दाखवता. आपल्या गावच्या पट्ट्यात अर्धं तिकीट घ्या, पूर्ण सवलत लांबच्या दुसऱ्या गाडीत वापरा. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्ही असलेल्यांचा समावेश आहे, विधवा म्हणूनही तुमचा अर्ज होऊ शकतो. विधवा म्हणून केलात तर तलाठ्याला आजार कळण्याचं कारण नाही. घेत नसाल तर चौकशी करा.

इतकं सगळं लिहून झाल्यावर मी तुमचं पत्र परत वाचलं, आणि एका वाक्यापाशी थांबले. “पुण्यात मला कोणी ओळखत नाही, हे मनातून बरं वाटतं.” इंजेक्शनबद्दल तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत आणि हे एका ओळीत. मला तर हे जास्त खरं वाटलं.

तुम्हाला जायचं असेल, तर ते कारण पुरेसं आहे. अकरा वर्षं दर पावलाला इकडेतिकडे बघत चालल्यावर माणसाला अनोळखी रस्ता हवासा वाटतो. त्यासाठी इंजेक्शनचं निमित्त करायला नको. पण मग प्रश्न वेगळा होतो आणि हिशेबही वेगळा होतो. पुण्यात भावाच्या दोन खोल्यांत तुम्ही, मुलगा आणि सासूबाई. की सासूबाई गावातच? त्यांच्याबद्दल पत्रात तुम्ही काही लिहिलं नाहीत. भावजयीला आजार माहीत नाही. तिच्या घरात गोळीची डबी कुठे ठेवणार? गावात लपवायला निदान स्वतःचं घर आहे. शिलाई तिथेही चालेल, कदाचित जास्तच चालेल, पण भाडं आणि गिऱ्हाईक जमेपर्यंतचे सहा महिने कोण काढणार? आणि शहर म्हणजे भावाच्या मोबाइलमधलं शहर नव्हे. तिथल्या सरकारी सेंटरलाही सकाळपासून रांग असते. बांधकामावरचे, घरकाम करणारे लोक तिथेही खाडा करूनच येतात. तिथली सोय हीच, की रांगेतला शेजारी तुमचं आडनाव विचारत नाही.

एकदम उडी मारू नका. मुलाच्या मे महिन्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने जाऊन राहा. जाताना पुरतील एवढ्या गोळ्या घ्या आणि सेंटरला सांगून जा, म्हणजे तुमच्या नावापुढे ‘आली नाही’ असा शेरा पडायचा नाही. तिथे राहून बघा, झोप कशी लागते, मुलगा रमतो का, भावजयीशी कसं जमतं. मग कायमचं जायचं ठरलं, तर ट्रान्सफर करून घ्या. इथलं सेंटर तुमची नोंद पुण्याच्या सेंटरकडे पाठवतं, उपचार आहे तोच पुढे चालू राहतो आणि पुन्हा गावी यावंसं वाटलं तर याच रस्त्याने परतही येता येतं. जे पुरुष ऊसतोडीला, ड्रायव्हिंगला, बांधकामाला चार-चार महिने बाहेर असतात, त्यांनाही हेच सांगते. गोळ्या संपल्या म्हणून उपचार सोडू नका. ट्रान्सफरची सोय त्यासाठीच आहे, आणि कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ हा मोफत नंबर मराठीतही बोलतो. तिथे नाव सांगावं लागत नाही.

जमीन खंडाने द्यायचं मात्र आत्ता ठरवू नका. मुलाची दहावी पुढच्या वर्षी आहे, तोवर बाग तुमच्या हाताखाली राहू द्या. भावाला माझं हे उत्तर वाचायला द्या. त्याला दोन्ही इंजेक्शनांतला फरक कळेल, आणि तुमच्यासाठी काही करायची त्याची धडपड आहेच, तर तिला काम द्या. पुढच्या तारखेला त्याला एक दिवस रजा काढून तुमच्याबरोबर सेंटरला यायला सांगा. तो औषधाच्या रांगेत उभा राहील, तेवढ्या वेळात तुम्ही समुपदेशकाकडे बसून जूनचा आकडा विचारून घ्या.